काचेला नाक घासणारा साप

माझी भाची टोरांटोत राहते. तिच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, एका काचेच्या पेटीत कॉर्न स्नेक आहे. केशरी अंगावर विटकरी ठिपके, जाडी अंगठ्याएवढी, लांबी सव्वा मीटरच्या आसपास. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा हा साप रोज संध्याकाळी पेटीच्या एकाच कोपऱ्यात जायचा, काचेला नाक टेकवायचा आणि वर-खाली, वर-खाली करत राहायचा. "मामा, बघ, तुला भेटायला आलाय," भाची कौतुकानं म्हणाली. मी वाकून पाहिलं. नाकाच्या टोकावरचा खवला घासून पांढरा पडला होता.

तो मला भेटायला आलेला नव्हता. त्याला बाहेर पडायचं होतं.

कुत्र्याचं दुःख आपल्याला कळतं, कारण तो केकाटतो, शेपूट पायांत घालतो. सापाला पापण्या नाहीत, चेहऱ्याला भाव देणारे स्नायू नाहीत, आवाज म्हणावा तर फुत्कारापलीकडे फारसा नाही. तो वेटोळं घालून पडून राहतो आणि त्या पडून राहण्यालाच आपण समाधान समजतो. साप पाळणाऱ्यांची कितीतरी वर्षं अशीच समजूत होती. एक छोटी पेटी, तळाशी वर्तमानपत्र, पाण्याचं भांडं, आठवड्याला एक उंदीर. एवढ्यावर कॉर्न स्नेक वीस वर्षंही जगतो, मग त्याला आणखी काय हवं?

या समजुतीला धक्का देणारा एक साधा प्रयोग अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड होल्ट्झमन यांनी केला. 1999 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉर्न स्नेकची पिल्लं एका मोठ्या गोल टबात सोडली. टबाच्या तळाला आठ भोकं होती, पण त्यातल्या एकाच भोकातून अंधाऱ्या, सुरक्षित जागी जाता येत होतं. उघड्यावर, प्रखर उजेडात अडकलेल्या सापाला अशी जागा हवीच असते. पहिल्या दिवशी पिल्लं बराच वेळ चाचपडली. चार दिवसांच्या सरावानंतर मात्र ती बरीच लवकर आणि कमी फिरून योग्य भोक गाठू लागली. जागा लक्षात ठेवणारा, आजूबाजूच्या खुणा वापरणारा प्राणी आपण वर्तमानपत्रावर ठेवत होतो.

त्याच्या मूळ मुलखात, म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागात, कॉर्न स्नेक काय करतो ते पाहिलं की पेटीचं रितेपण डोळ्यांत भरतं. तो झाडावर चढतो, सालीखाली शिरतो, उंदरांच्या बिळांत घुसतो, धान्याच्या कोठारांत फिरतो. हे सगळं तो जिभेच्या भरवशावर करतो. दुभंगलेली जीभ वासाचे कण गोळा करते आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवते. जवळ बसून पाहिलंत तर जिभेच्या दोन चाली वेगळ्या ओळखता येतात. जमिनीचा वास घेताना ती पटकन खाली टेकते आणि आत जाते. हवेतला वास घेताना ती बाहेरच राहून अनेकदा वर-खाली हलते. रिकाम्या पेटीत ही जीभ दिवसरात्र तोच प्लास्टिकचा, त्याच पाण्याचा वास घेत असते.

प्राणिसंग्रहालयांत यावरच्या उपायाला 'एनरिचमेंट' म्हणतात. बंदिवासातल्या प्राण्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागायला वाव देणं, असा त्याचा अर्थ. वाघ-माकडांसाठी हे खूप आधी सुरू झालं, सापांची पाळी उशिरा आली. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉर्न स्नेकपुढे दोन पर्याय ठेवले, एकीकडे जेमतेम गरजेपुरती सोय आणि दुसरीकडे भरलेली, विविधता असलेली जागा. सापांनी भरलेली जागा निवडली. सापालाच विचारलं आणि त्यानं उत्तर दिलं, म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

बॉल पायथनच्या बाबतीत तर अन्याय आणखी मोठा आहे. पश्चिम आफ्रिकेतला हा छोटा अजगर घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. 'हा जमिनीवरचा, बिळात राहणारा साप, त्याला उंची नको, जागा नको' असं म्हणत त्याची पैदास करणारे त्याला कपाटाच्या खणांसारख्या प्लास्टिकच्या ड्रॉवरांत ठेवतात, एकावर एक. पण नायजेरियातल्या जंगलात झालेल्या अभ्यासात लहान आकाराच्या नरांच्या आहारात पक्षी मोठ्या प्रमाणात आढळले. पक्षी पकडणारा साप झाडावर चढणार, हे उघड आहे. म्युनिकच्या संशोधकांनी 2021 मध्ये 35 बॉल पायथनांचं ड्रॉवरमधलं आणि प्रशस्त पेटीतलं वागणं ताडून पाहिलं. चढणं, उकरणं, ऊब घेत पसरणं, अंग पूर्ण लांब करणं, यांतलं काहीच ड्रॉवरमध्ये करता येत नाही. जो साप सरळ होऊ शकत नाही, त्याचं वेटोळं ही त्याची आवड आहे असं कसं म्हणायचं?

भाचीनं पेटी बदलली. आधीच्या दुप्पट लांबीची घेतली, तळाशी लाकडाच्या भुश्शाचा वीतभर थर, वर वाळलेला पाला, एक तिरकी फांदी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लपायला एकाऐवजी दोन जागा, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. साप अंगाची ऊब बाहेरून घेतो. लपायची जागा गार टोकाला एकच असेल, तर अन्न पचवायला ऊब हवी असतानाही तो भीतीपोटी गारठ्यात बसून राहतो. सुरक्षितपणा की ऊब, अशी निवड त्याला करायला लावू नये.

खायला देतानाही तिनं एक युक्ती केली. मेलेला उंदीर थेट समोर न ठेवता पुठ्ठ्याच्या नळीतून, पाल्यातून ओढत नेला आणि फांदीमागे ठेवला. मी पाहत होतो. सापाचं डोकं बिळातून बाहेर आलं, जीभ टेकली, थांबली, पुन्हा टेकली. नळीत शिरला, दुसऱ्या टोकानं निघाला, वाट चुकला, मागे फिरला. वीस मिनिटं तो त्या वासाच्या रेषेवर होता. इतकं काम करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

उत्साहाच्या भरात रोज पेटी उलटीपालटी करू नये. बॉल पायथन एवढ्यानंही खाणं सोडतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डोळे दुधाळ झाले की कात टाकायची वेळ आली, तेव्हा त्याला धुरकट दिसतं. हात लावू नये. खाल्ल्यावर दोन दिवस तर मुळीच नाही. बर्मी अजगराचं हृदय जेवणानंतर 48 तासांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं, इतकं शरीर पचनाला जुंपलेलं असतं. आणि लपलेल्या सापाला ओढून काढून पाहुण्यांच्या गळ्यात घालणं म्हणजे एनरिचमेंट नव्हे.

आपल्याकडे धामण, नाग, घोणस असे देशी साप घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. तरी हा विषय आपल्यापासून दूर नाही. घरात निघालेला साप पकडल्यावर तो सोडेपर्यंत कधी कधी पारदर्शक बरणीत राहतो, चारी बाजूंनी उजेड, माणसं, मोबाइल. तीच वेळ अंधाऱ्या, हवेशीर कापडी पिशवीत, आवाजापासून दूर काढता येते, आणि त्याला खर्चही नाही.

टोरांटोच्या सापाचा नाकावरचा खवला दोन काती टाकल्यावर नीट झाला. संध्याकाळी तो आता फांदीवर असतो किंवा भुश्शाखाली बोगदा करत असतो. मात्र गेल्या वसंतात तो पुन्हा काही आठवडे त्या कोपऱ्यात जाऊन नाक घासू लागला. तो नर आहे, आणि त्या दिवसांत नर मादीच्या शोधात लांबलांब फिरतात. भाचीनं पाला बदलला, नवी फांदी लावली, नळ्या वाढवल्या. तो कोपऱ्यातच राहिला.