गेमचा गड चढायचा कसा? पायऱ्यांनी की रोपवेने?

रायगडावर जायचे दोन रस्ते आहेत, हे महाड-पोलादपूरच्या पोरांना वेगळं सांगायला नको. एक तर दीड हजाराच्या आसपास पायऱ्या चढायच्या, नाहीतर हिरकणीवाडीतून रोपवेत बसायचं आणि काही मिनिटांत वर. होळीचा माळ दोघांनाही तोच दिसतो. तरी धापा टाकत वर पोचलेल्याला पहिला वारा लागतो ना, त्याची मजा रोपवेवाल्याला कळत नाही.

तुम्ही मोबाईलवर, पीसीवर किंवा कन्सोलवर जे ॲक्शन आरपीजी खेळता, त्यांचंही असंच असतं. ‘कुठला गेम भारी?’ यावर कट्ट्यावर भांडणं होतात, ग्राफिक्सवरून तर हमखास. पण महिनाभर एखाद्या गेमला चिकटून राहता, ते ग्राफिक्समुळे नव्हे. तो गेम तुम्हाला वर कसा नेतो, त्यावर सगळं ठरतं.

एका दुपारी बदललेला गेम

आरपीजी म्हणजे एक पात्र घ्यायचं, त्याची ताकद वाढवायची, हत्यारं गोळा करायची. जुने आरपीजी बरेचसे बुद्धिबळासारखे असायचे. तुमची चाल, मग शत्रूची चाल. १९९६ च्या अखेरीस आलेला ‘डायब्लो’सुद्धा सुरुवातीला असाच बनत होता. तो बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेविकला चालीचाच गेम हवा होता, पण सहकारी मागे लागले, ‘थांबायचं कशाला? सरळ मारामारी होऊ दे.’ शेवटी एका दुपारी त्याने कोड बदलून बघितला. माऊस क्लिक केला, आणि पडद्यावरचा सांगाडा त्याच क्षणी फुटून खाली पडला. आपण काहीतरी वेगळंच करून बसलोय, हे त्याला तिथेच कळलं, असं त्याने नंतर सांगितलं आहे.

आकडे वाढवायची आरपीजीची गंमत आणि बोटांची घाई, ही दोन्ही एकत्र आली की ॲक्शन आरपीजी. आता प्रत्येक गेम यातलं काय किती घालतो, तिथे फरक पडतो.

आकडा वाढतो की हात?

डायब्लोच्या घराण्यात मुख्यतः आकडा वाढतो. राक्षस मेला की वस्तू पडतात. तलवार पडेल, अंगठी पडेल, नाहीतर कचरा. काय पडेल ते नशिबावर. त्यामुळे ‘अजून एक फेरी’ म्हणता म्हणता रात्रीचे दोन वाजतात. काल ज्या राक्षसाने लोळवलं, त्याला आज एका फटक्यात उडवता, कारण आज हातात चांगली कुऱ्हाड आहे. दिवसभर डोकं शिणलं असेल तर ही मजा मस्त वाटते.

दुसरं घराणं जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचं. २०११ चा ‘डार्क सोल्स’, २०२२ चा ‘एल्डन रिंग’. इथेही लेव्हल वाढते, पण खरा वाढतो तो तुमचा हात. ‘एल्डन रिंग’मध्ये मार्गिट नावाचा बॉस सुरुवातीलाच वाट अडवतो. बरेच जण त्याच्याकडून वीस-वीस वेळा मरतात. मेलात की जमवलेले रून्स तिथेच पडतात, ते परत आणायला जाताना पुन्हा मेलात तर कायमचे गेले. चिडचिड होते राव! पण हळूहळू लक्षात येतं की तो काठी उगारतो आणि मुद्दाम थांबतो. तुम्ही घाबरून आधीच लोळण घेता, म्हणून मार खाता. थांबायला शिकलात की तोच बॉस सोपा वाटायला लागतो. काठी तीच, वेग तोच, बदललात ते तुम्ही.

हे फक्त हट्टी पोरांसाठी नाही बरं का. मार्गिट जमत नसेल तर पाठ फिरवा, बाकीचा मुलूख हिंडा, ताकद कमवा आणि मग परत या. सरळ चढ जमत नसेल तर वळसा घालून जायची मुभा गेम देतो. एवढा अवघड असूनही तो इतक्या लोकांना आवडला, त्याचं एक मोठं कारण हेच असावं.

तिसरी मजा निर्णयाची. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा २०१५ मधला ‘विचर ३’ घ्या. त्यातली मारामारी ठीकठाक आहे. पण एका टेकडीखाली अडकलेल्या आत्म्याला सोडायचं की मारायचं, हे तुम्ही ठरवता आणि पुढे जाता. त्याचा परिणाम बऱ्याच वेळाने, भलत्याच माणसांच्या आयुष्यात समोर येतो. बरोबर उत्तर सापडतच नाही. गेम बंद केल्यावरही ते डोक्यात राहतं.

फुकट गेमचं बिल

आता रोपवेकडे येऊ. रोपवे वाईट नाही, घरातल्या आजी-आजोबांना गड त्यामुळेच बघायला मिळतो. पण तिथे तिकिटाचा दर पाटीवर लिहिलेला असतो. मोबाईलवरच्या ‘फुकट’ गेममध्ये तो दिसत नाही, गोची तिथे आहे.

२०२० मध्ये आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ दिसायला देखणा, फिरायला प्रचंड. पण त्यातली नवी पात्रं सोडतीसारखी निघतात, याला ‘गाचा’ म्हणतात. पंचतारांकित पात्र निघायची मूळ शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. ९० वेळा ओढलंत की एक नक्की मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याची खात्री नाही. पैसे न घालता खेळता येतं, खेळणारे आहेतही. फक्त खेळताना सतत कुणीतरी कानाशी ‘एकदाच ओढून बघ’ म्हणत असतं. आणि यूपीआय बाबांच्या खात्याला जोडलेलं असेल तर तो ‘एकदाच’ महिनाअखेरीला घरात बोलून दाखवला जातो.

‘डायब्लो’मध्येही नशीब होतंच की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण तिथे सोडत राक्षस मारून लागायची, इथे ती विकत मिळते. विकत घेतलेल्या ताकदीने बॉस पडतो, पण तुम्ही काही शिकलेले नसता.

गेम निवडताना हे बघा

• नेटशिवाय चालतो का? जुलैत सावित्री-गांधारी फुगल्या की आपल्याकडे लाईट आणि रेंज दोन्ही गायब. नेट लागणारा गेम त्या दिवशी उघडतच नाही.

• पैसे एकदाच की पुन्हा पुन्हा? मोबाईलवर ‘टायटन क्वेस्ट’ एकदा विकत घेतला की झालं. ‘ग्रिमव्हेलर’चा पहिला भाग फुकट, आवडला तर पुढचा एकदाच घ्यायचा.

• रोज हजेरी मागतो का? ‘आज आला नाहीत तर बक्षीस गेलं’ म्हणणारा गेम परीक्षेच्या काळात ताप देतो.

• हरल्यावर काय वाटतं? ‘माझं चुकलं, परत बघतो’ वाटलं तर गेम चांगला. ‘पैसे टाकले असते तर जिंकलो असतो’ वाटलं तर सावध व्हा.

आणि आपला गेम?

२०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ आला, तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओतून. सर्कशीत काम करणारी राजी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू आणि हातात दुर्गेचा त्रिशूळ. तो पक्का आरपीजी नाही, छोटाही आहे. पण राजी भिंतीवरून धावते, खांबाला धरून गिरकी घेत मारते, कारण ती कसरतपटू आहे. गोष्ट आणि लढाई एकाच मुळातून आली आहे. चीनच्या ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’नेही २०२४ मध्ये घरचीच वानरराजाची कथा घेतली आणि तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या.

आपल्याकडे गोष्टींचा दुष्काळ आहे का? पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे. हिरकणीची दंतकथाच बघा. दरवाजे बंद, अंधार, खाली घरी तान्हं बाळ आणि समोर सरळ तुटलेला कडा. एकही शत्रू नाही, हत्यार नाही. फक्त पकड, दम आणि पुढची खोबण कुठे आहे याचा अंदाज. दहा वेळा पडाल, अकराव्या वेळी ती खोबण बोटांना पाठ झालेली असेल. यात पैसे टाकून काय विकत घेणार?

गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतं. कडा तर तुम्ही लहानपणापासून बघताय.