पिवळ्या पेट्यांचा हिशेब

ब्रिटनमधला पहिला स्पीड कॅमेरा १९९२ साली लंडनच्या पश्चिम भागात, ट्विकनम पुलावर बसला. आदल्याच वर्षी झालेल्या कायद्यामुळे यंत्राने काढलेला फोटो न्यायालयात पुरावा म्हणून चालू लागला होता. यंत्राची रचना अगदी सोपी होती. गाडी मर्यादेपेक्षा वेगाने गेली की मागून फ्लॅश पडायचा आणि अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो निघायचे. रस्त्यावर सारख्या अंतराने आखलेल्या पांढऱ्या रेषांपैकी गाडीने किती ओलांडल्या, हे दोन्ही फोटोंत मोजता यायचं. म्हणजे यंत्रातल्या रडारने दाखवलेला वेग डोळ्यांनीही ताडून पाहता येई. फिल्मच्या एका रिळात सुमारे चारशे फोटो मावत. रीळ संपलं की कुणीतरी जाऊन ते बदलेपर्यंत कॅमेरा आंधळा. या रिळांचा, ती धुण्याचा आणि नोटिसा पाठवण्याचा खर्च स्थानिक पोलिसांच्या आणि नगरपालिकांच्या माथी, आणि दंडाची रक्कम मात्र थेट लंडनच्या सरकारी तिजोरीत, अशी तेव्हाची व्यवस्था होती. साहजिकच अनेक पेट्या रिकाम्या उभ्या असत. त्या काळी ‘हे सगळं पैशासाठी चाललंय’ असं कुणी म्हणालं असतं, तर त्यात तथ्य नव्हतं. ज्यांनी कॅमेरे लावायचे, त्यांच्या हाती खर्चाखेरीज काहीच पडत नव्हतं.

ही अडचण दूर करायला सरकारने जो उपाय काढला, त्यातूनच पुढच्या दोन दशकांचा वाद जन्माला आला. एप्रिल २००० पासून आठ भागांत प्रयोग म्हणून आणि २००१ पासून देशभर, कॅमेऱ्यांच्या दंडातून कॅमेऱ्यांचाच खर्च वळता करायला परवानगी मिळाली. पोलिस, नगरपालिका आणि न्यायालयं यांच्या स्थानिक भागीदाऱ्या उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यांच्या जागा काही वर्षांत चार हजारांच्या वर गेल्या. यासाठी नियमही कडक होते. आधीच्या तीन वर्षांत किलोमीटरमागे मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे किमान चार अपघात झालेले असतील, तरच तिथे कायमचा कॅमेरा बसवता येई. पेटी पिवळी रंगवायची, झाडामागे किंवा फलकाआड लपवायची नाही, कमी वेगाच्या रस्त्यावर ती साठ मीटरवरून आणि इतरत्र शंभर मीटरवरून दिसायला हवी. तरीही लोकांचा राग वाढतच गेला. पेट्यांना जळते टायर अडकवले जाऊ लागले, वर्तमानपत्रांतून मोहिमा चालल्या. हा राग मला सर्वस्वी निराधार वाटत नाही. दंड गोळा करणाऱ्या यंत्रणेचा पगार त्याच दंडातून निघतो म्हटल्यावर, ती कितीही प्रामाणिक असली तरी तिच्यावर संशय येणारच, आणि तो घेण्याचा नागरिकाला अधिकार आहे.

पण संशय घेतला की हिशेबही तपासायला हवा. २००६-०७ मध्ये, म्हणजे ही योजना भरात असताना, देशभरातल्या कॅमेऱ्यांच्या दंडातून सुमारे दहा कोटी पौंड जमा झाले. त्यातून सगळा खर्च वजा केल्यावर साठ पौंडांच्या दर दंडामागे सरकारच्या हाती चार पौंडसुद्धा उरत नव्हते, असं वाहतूक-संशोधक रिचर्ड ऑलसॉप यांनी आरएसी फाउंडेशन या वाहतूकविषयक संस्थेसाठी लिहिलेल्या २०१० च्या अहवालात दाखवलं. एवढ्या मोठ्या देशाच्या अर्थसंकल्पात ही रक्कम कुठल्या कोपऱ्यात जाईल हे शोधावं लागेल. शिवाय ज्याला खरोखर तिजोरी भरायची आहे तो पेटीला पिवळा रंग देणार नाही, आधी फलक लावणार नाही. तो सरळ, मोकळा, अपघात न होणारा रस्ता निवडेल आणि यंत्र लपवेल. अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या वेशीवर, जिथे वेगमर्यादा एकाएकी खाली येते, पोलिसांनी असं केल्याचे आरोप वर्षानुवर्षं होत आले आहेत. ब्रिटनचे नियम नेमके याच्या उलट होते. काम चोख करणाऱ्या कॅमेऱ्याचं उत्पन्न आटत जातं, कारण चालक वेग कमी करतात. वर्षानुवर्षं एकाच कॅमेऱ्यातून तेवढाच पैसा येत राहिला, तर तो कॅमेरा अपयशी तरी आहे किंवा चुकीच्या जागी तरी बसवला आहे.

आता मुख्य मुद्दा. या कॅमेऱ्यांनी माणसं वाचली का? २००५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सरकारसाठी केलेल्या चार वर्षांच्या पाहणीत असं दिसलं की कॅमेऱ्यांच्या जागी मृत आणि गंभीर जखमींची संख्या ४२ टक्क्यांनी घटली. हा आकडा मंत्र्यांनी सगळीकडे मिरवला. त्यात एक खोट होती आणि ती त्याच अहवालाच्या परिशिष्टात मांडलेली होती. एखाद्या वळणावर तीन वर्षांत पाच मोठे अपघात झाले, तर त्यातले काही रस्त्याच्या दोषामुळे आणि काही निव्वळ योगायोगाने झालेले असतात. पुढच्या तीन वर्षांत योगायोग तितकाच वाईट असेलच असं नाही, त्यामुळे तिथे काहीही केलं नाही तरी आकडा आपोआप खाली येतो. कॅमेरे नेमके अशाच, सर्वात वाईट तीन वर्षं पाहिलेल्या जागी बसत होते. परिशिष्टात शहरी रस्त्यांवरच्या दोनशेहून अधिक जागांचा हिशेब मांडला होता. तिथे गंभीर अपघात ५५ टक्क्यांनी घटले होते, पण त्यातली सुमारे ३५ टक्क्यांची घट या सरासरीकडे परतण्यातूनच आली होती आणि काही घट देशभर चालूच होती. कॅमेऱ्याच्या पदरात टाकता येईल असे सुमारे दहा टक्के उरले. दहा टक्के म्हणजे थोडं नव्हे. मरणारी आणि अपंग होणारी माणसं दहात एक कमी झाली, तर कुठलाही आरोग्यविभाग तो मोठा विजय मानेल. पण ४२ चा आकडा मिरवून मग दहावर उतरावं लागलं, की खरा असलेला दहाचा आकडाही लोकांना खोटा वाटू लागतो. कॅमेऱ्यांच्या विरोधकांनी जे कमावलं, त्यातलं पुष्कळसं समर्थकांनीच त्यांच्या ओंजळीत टाकलं होतं असं माझं मत आहे.

पुढच्या अभ्यासांनी ही चूक सुधारली आणि निष्कर्ष मात्र टिकला. वैद्यकीय पुरावे पद्धतशीर तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात वेगवेगळ्या देशांतले ३५ अभ्यास तपासले गेले. अभ्यासांचा दर्जा कमी-जास्त होता, पण कॅमेऱ्यांच्या आसपास मृत्यूचे आणि गंभीर दुखापतीचे अपघात कुठे ११ तर कुठे ४४ टक्क्यांनी घटलेले दिसले, आणि घटीची दिशा जवळपास सगळीकडे तीच. २०१३ मध्ये ऑलसॉप यांनी ब्रिटनच्या नऊ भागांतले ५५१ कॅमेरे पुन्हा मोजले. गंभीर आणि प्राणघातक अपघात सरासरी २२ टक्क्यांनी उतरले होते. त्याच वेळी २१ ठिकाणी अपघात वाढलेले आढळले आणि त्या जागांची चौकशी व्हावी असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. या २१ जागांवरून ऑलसॉप यांच्यावर माझा विश्वास अधिक बसतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासाने कॅमेऱ्यापासून पाचशे मीटरच्या टापूत अपघात १७ ते ३९ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं, आणि सोबत एक अडचणीची गोष्टही पुढे ठेवली. दीड किलोमीटरच्या पलीकडे अपघात पुन्हा वाढल्याच्या खुणा दिसत होत्या. पेटी दिसली की ब्रेक, पेटी मागे पडली की पुन्हा ॲक्सिलरेटर, ही विरोधकांची जुनी तक्रार त्यात खरी ठरत होती.

या तक्रारीला उत्तर देणारं यंत्र तोवर रस्त्यावर आलेलं होतं. एका बिंदूवरचा वेग न मोजता दोन कॅमेऱ्यांमधल्या अंतराला लागलेला वेळ मोजायचा. किलोमीटरभर, कधी पन्नास किलोमीटर चालकाला सारखंच सावध राहावं लागतं, ब्रेक मारून सुटका होत नाही. स्कॉटलंडच्या ए-७७ रस्त्याच्या सुमारे ५० किलोमीटरवर २००५ मध्ये ही पद्धत बसवली गेली. अशा २५ ठिकाणांचा २०१६ मध्ये अभ्यास झाला. देशभरातली घट आणि सरासरीकडे परतणं, दोन्ही वजा करूनही गंभीर व प्राणघातक अपघात ३६ टक्क्यांनी कमी झालेले होते. चलानं मात्र इथे तुलनेने कमी निघतात, कारण जवळपास सगळेच चालक मर्यादा पाळतात. पैशासाठीच हे सगळं असतं, तर सरकारला सर्वात नकोसं वाटावं असं हे यंत्र आहे.

विरोधकांचा आणखी एक मुद्दा टाळून चालणार नाही. १९९४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ३,६५० माणसं मेली आणि २००३ मध्ये ३,५०८. मधल्या काळात कॅमेरे वाढत गेले, मृत्यू जवळपास तिथेच राहिले. मग कॅमेऱ्यांचा उपयोग काय? मला हा प्रश्न मनापासून विचारलेला वाटतो, पण त्याची मांडणी चुकते. चार हजार जागा म्हटल्या तरी देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीच्या मानाने तो नखाएवढा भाग. देशाचा एकूण आकडा मोटारसायकलींची संख्या, दारू, गाड्यांची बांधणी, लोक किती किलोमीटर फिरतात, अशा अनेक गोष्टींनी ठरतो. पुढे २०१० पर्यंत तो १,८५० वर आला, त्याचंही श्रेय एकट्या कॅमेऱ्यांना देणं तितकंच चुकीचं ठरेल. कॅमेऱ्याला जाब विचारायचा तो त्याच्या टापूतल्या अपघातांचा.

मग कॅमेरे बंदच करून पाहिले तर? तेही झालं. स्विंडन नगरपालिकेने २००९ च्या उन्हाळ्यात आपले कायमचे कॅमेरे काढून टाकले. खर्च आमचा आणि दंड लंडनचा, हे पहिल्या दशकातलं गाऱ्हाणं तिथे पुन्हा आलं, कारण वळत्या करण्याची योजना २००७ मध्ये संपली होती. पहिल्या वर्षात तिथे जखमी वाढले नाहीत, आणि विरोधक ते आजही सांगतात. ऑक्सफर्डशरने ऑगस्ट २०१० मध्ये ७२ कॅमेरे बंद केले. त्या जागांवर वेग काही दिवसांतच वाढला. पुढच्या सहा महिन्यांत कॅमेऱ्यांच्या जागी जखमींची संख्या आदल्या वर्षीच्या ६८ वरून ८३ वर गेली आणि एप्रिल २०११ मध्ये कॅमेरे पुन्हा सुरू झाले. ६८ आणि ८३ मधला फरक योगायोगाचाही असू शकतो. स्विंडनच्या शांत वर्षालाही हेच लागू पडतं. दोन भागांच्या थोड्याशा आकड्यांवर निकाल काढू नये, बाजू कुठलीही असो. वाढलेला वेग मात्र पक्का मोजलेला होता, आणि वेगाचा परिणाम आधीच ठाऊक आहे. ताशी ५० च्या ऐवजी ६० किलोमीटरने चाललेल्या गाडीत आदळण्याची ऊर्जा ४४ टक्के जास्त असते. सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात, हे स्वीडनच्या योरान निल्सन यांनी मांडलेलं गणित जगभर वापरलं जातं.

वेगाचा दोष नेमका किती, यावर दोन देशांच्या सरकारी नोंदी शेजारी ठेवल्या तर गोंधळच होतो. ब्रिटिश पोलिसांच्या नोंदीत मर्यादा ओलांडणं हे कारण अवघ्या पाचेक टक्के अपघातांत आढळतं, प्राणघातक अपघातांत त्याहून बरंच अधिक. भारताच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात १,६८,४९१ मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगामुळे झाल्याचं म्हटलं आहे. आपल्याकडे दुसरं कारण शोधायला वेळ आणि साधनं नसली की पोलिसांच्या कागदावर ‘भरधाव वेग’ लिहिलं जातं, हे उघड आहे. अरुंद वळण, कठडा नसलेला पूल, मध्येच उभा ट्रक ही कारणं त्या शब्दांखाली दबतात. म्हणून ७१ च्या आकड्यावर कॅमेऱ्यांची मागणी उभी करणं म्हणजे ४२ टक्क्यांची ब्रिटिश चूक दुसऱ्या रूपात करणं.

ही चूक आपल्याला परवडणारी नाही, कारण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कमानींवरचे कॅमेरे बसले आहेत आणि ते सरासरी वेगही मोजतात. म्हणजे ब्रिटनला काही वर्षांनंतर सापडलेली, सर्वात परिणामकारक पद्धत आपण सुरुवातीलाच घेतली. पण चर्चा आहे ती चलानांची. सुमारे ४७० कोटींची चलानं निघाली आणि वसुली ५१ कोटींची झाली, असं विधिमंडळात सांगितलं गेलं. एवढ्या मोठ्या संख्येने चलानं निघत राहणं हे यशाचं लक्षण नव्हे. शिवाय चलान आलं तरी लोकअदालतीत तडजोड होईल म्हणून थांबणाऱ्यावर दंडाचा धाकही राहत नाही. ब्रिटनमध्ये दंडासोबत परवान्यावर तीन गुण चढत आणि तीन वर्षांत बारा झाले की परवाना स्थगित होई. श्रीमंत आणि गरीब दोघांना ते सारखंच जाचक होतं. आपल्याकडे व्यवहारात बहुधा नुसता पैसाच मागितला जातो आणि तोही पुरता वसूल होत नाही, तेव्हा लोकांना कॅमेऱ्यात फक्त पैसा दिसला तर त्यात त्यांची चूक नाही.

दुसरं असं की या मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं मेली होती, आणि २०२३ पर्यंत, म्हणजे कॅमेऱ्यांच्या आधीच, कठडे, फलक, रस्त्याच्या कडेचे धोकादायक दगड काढणं, जलद मदत अशा कामांमुळे तो आकडा निम्म्याच्या खाली आलेला होता. २०१६ शी तुलना करून कॅमेऱ्यांचं कौतुक करता येणार नाही, आणि एखाद्या वर्षी मृत्यू थोडे वाढले म्हणून ते फुकट गेले असंही म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत केलेल्या बदलानुसार कॅमेऱ्याच्या आधी फलक असणं बंधनकारक झालं आणि नोटीस पंधरा दिवसांत द्यायची असं ठरलं. हे दोन्ही पाळलं जातं की नाही, हे चालकांना तपासता आलं पाहिजे. ब्रिटनमध्ये २०११ पासून सरकारने प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागेचे आधीचे आणि नंतरचे अपघात जाहीर करायला लावले. ऑलसॉप यांना त्या २१ जागा सापडल्या त्या या आकड्यांमुळेच. आपल्याकडे अपघाताची नेमकी जागा केंद्राच्या आयरॅड प्रणालीत २०२१ पासून नोंदवली जाते आहे. द्रुतगती मार्गावरच्या प्रत्येक कमानीच्या टापूतले २०२४ आधीचे तीन वर्षांचे आणि नंतरचे अपघात, तिथला सरासरी वेग आणि तिथे निघालेली चलानं एकाच तक्त्यात छापायला कुठलंही नवं यंत्र लागणार नाही, आणि समृद्धी महामार्गावर पुढचे कॅमेरे कुठे बसावेत हे त्या तक्त्यावरून ठरवता येईल.