वाहितमल निःसारण व जलसंधारण, नागपूर
वापरलेले पाणी व मैला बंद नळांवाटे वाहून नेण्याच्या व्यवस्थेस वाहितमल निःसारण म्हणतात. नागपूरमधील धंतोली हा सीताबर्डीच्या दक्षिणेस, नाग नदीलगत वसलेला व रुग्णालयांनी गजबजलेला भाग आहे. शहरास पाणी मुख्यत्वे पेंच प्रकल्प व कन्हान नदी यांपासून मिळते.

घरापासून मलवाहिनीपर्यंतचा नळ पुरेशा उतारावर बसवितात. प्रवाहाचा वेग सेकंदास सु. ०·६ मी. पेक्षा कमी झाल्यास गाळ साचून नळ तुंबतो. पावसाचे पाणी मलवाहिनीत सोडू नये. राज्याच्या २०२० च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौ. मी. वा अधिक क्षेत्राच्या भूखंडावरील नव्या बांधकामात ते साठविणे किंवा जमिनीत मुरविणे बंधनकारक आहे.

मलवाहिनीच्या विवरांत (मॅनहोलमध्ये) हायड्रोजन सल्फाइडासारखे विषारी वायू साचतात. संरक्षक साधनांविना त्यांत माणूस उतरविण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई असून ती ठेकेदारासही लागू आहे. अशा मृत्यूबद्दल कुटुंबास ३० लक्ष रु. भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

शहरातील वाहितमलावर भांडेवाडी येथे संस्करण होते. तेथील शुद्ध केलेले पाणी कोराडी औष्णिक विद्युत् केंद्रास पुरविल्याने तेवढे ताजे पाणी वाचते.