मोठी चाके आणि चार चाकांचे गणित

कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, घाट ओलांडून ओतूरकडे येताना, जुन्नर तालुक्यातले डिंगोरे हे गाव लागते. पावसाळ्यात या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिलात, तर वाहनांचे प्रदर्शनच पाहायला मिळेल. कांद्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रक, टोमॅटोचे क्रेट वाहणारे टेंपो, शेतातून चिखल घेऊन आलेले ट्रॅक्टर आणि घाटातले धबधबे पाहायला निघालेल्या मोटारी. त्यांतल्या काही मोटारींची चाके चांगली थोराड आणि झळाळती असतात. ती कारखान्यातून आलेली नसतात. मालकाने मागाहून दुकानात बसवून घेतलेली असतात.

गाडी रुबाबदार दिसते यात शंका नाही. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे. चाक बदलले म्हणजे फक्त चाकच बदलते काय? नाही. चाकाबरोबर गाडीचा वेगदर्शक, तिची ओढ आणि तिचे ब्रेक या सर्वांचे गणित बदलते. आणि ज्या गाडीत इंजिन चारही चाके फिरवते, तिच्या बाबतीत तर एक जास्तीचे कोडे उभे राहते. ते कोडे सोडवायला शाळेतले वर्तुळाचे धडे पुरेसे आहेत.

टायरावर काय लिहिलेले असते?

कोणत्याही मोटारीच्या टायराची बाजू नीट पाहा. तेथे काही आकडे उठावात छापलेले असतात. उदाहरणार्थ, २१५/६५ आर १६. भारतात २०१४ साली आलेल्या, चारही चाके फिरवणाऱ्या रेनॉ डस्टर गाडीचा टायर याच मापाचा होता. यातील २१५ ही टायराची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायराच्या बाजूच्या भिंतीची उंची. ती रुंदीच्या शेकडा ६५ आहे. ‘आर’ म्हणजे टायर रेडियल बांधणीचा आहे. शेवटचे १६ म्हणजे आतल्या धातूच्या रिमचा व्यास, इंचांमध्ये.

आता पुऱ्या चाकाचा व्यास काढू या. भिंतीची उंची २१५ चे शेकडा ६५, म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर. अशी भिंत रिमच्या वर एक आणि खाली एक, म्हणून दोन्ही मिळून २८० मिलिमीटर. १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. बेरीज झाली ६८६ मिलिमीटर. याला पायने गुणले की परिघ मिळतो : सुमारे २.१५५ मीटर. म्हणजे एक किलोमीटर जाताना हे चाक सुमारे ४६४ फेरे घेते.

समजा, मालकाने याच्या जागी २२५/६५ आर १७ हा टायर बसवला. वरच्याच रीतीने त्याचा व्यास काढून पाहा. तो ७२४ मिलिमीटर येतो. व्यास शेकडा साडेपाचांनी वाढला! या चाकाला एका किलोमीटरला सुमारे ४४० फेरेच पुरतात.

मोठे चाक काय काय बदलते?

पहिला परिणाम वेगदर्शकावर होतो. वेगदर्शकाला रस्ता दिसत नाही. तो फक्त फेरे मोजतो आणि कारखान्याने सांगितलेल्या परिघाने गुणून वेग दाखवतो. चाक मोठे झाले तरी त्याचा गुणक जुनाच राहतो. त्यामुळे काटा ६० वर असताना गाडी खरी ६३ च्या वेगाने धावत असते. किलोमीटर मोजणारे यंत्रही फसते. गाडी १,०५६ किलोमीटर चालली, तरी ते १,००० च दाखवते. मग मालक म्हणतो, “गाडी पूर्वीइतके ॲव्हरेज देत नाही!” त्याच्या तक्रारीतला काही भाग तरी या चुकीच्या मोजणीतून आलेला असतो.

दुसरा परिणाम ओढीवर. इंजिनाकडून आसाला पीळ मिळतो, म्हणजे फिरवण्याचा जोर मिळतो. हा पीळ भागिले चाकाची त्रिज्या, इतके बल रस्त्यावर पडते. तरफेचा नियम इथेही लागू आहे : हात लांब झाला की टोकाशी मिळणारे बल कमी होते. त्रिज्या शेकडा साडेपाचांनी वाढली, तर ओढ शेकडा पाचांहून थोडी जास्तच घटते. घाट चढताना चालकाला गिअर लवकर खाली आणावा लागतो.

तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे. तो ब्रेकवर होतो. ब्रेक चाकाच्या मध्याजवळ पकड घेतो. पकड तीच राहिली आणि त्रिज्या वाढली, तर रस्त्यावर मिळणारे रोधक बलही त्याच प्रमाणात घटते. पायाने जास्त दाब द्यावा लागतो. घाट उतरताना आपण गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो, ती इंजिनाने गाडीला मागे धरावे म्हणून. ते धरणेही मोठ्या चाकामुळे ढिले पडते. मग गाडीला आवरण्याचे जास्त काम ब्रेकवर येते आणि ब्रेक जास्त तापतात. पावसाने ओला झालेला वळणावळणाचा उतार, समोर धुके, आणि नेहमीच्या सवयीने दाबलेला ब्रेक नेहमीइतका लागत नाही, अशी ही अवस्था आहे. शेकडा पाच हा आकडा कागदावर लहान वाटतो, घाटात तो लहान नसतो.

तीन पायांची शर्यत

आता चार चाकांच्या कोड्याकडे वळू. बैलगाडीपासून सुरुवात करू. बैलगाडीची दोन्ही चाके आसाभोवती स्वतंत्रपणे फिरतात. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो, आतल्याला जवळचा. प्रत्येक चाक आपल्या रस्त्याप्रमाणे कमीजास्त फेरे घेते. भांडण नाही.

मोटारीत मात्र इंजिनाला दोन्ही चाके एकाच वेळी फिरवायची असतात. ती एका आसाला पक्की जोडली, तर वळणावर एकाला घसटत जावे लागेल. यावर तोड निघाली ती डिफरेन्शियल या दंतचक्रांच्या जुळणीतून. पेकर नावाच्या फ्रेंच तंत्रज्ञाने १८२७ साली तिचे पेटंट घेतले. ही जुळणी दोन्ही चाकांना जोर देते, पण फेऱ्यांची वाटणी रस्त्याप्रमाणे होऊ देते.

हाच प्रश्न पुढच्या आणि मागच्या चाकांमध्येही येतो. जीप हे त्याचे ओळखीचे उदाहरण. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि चारही चाके ओढणारी गाडी आपल्या खेड्यांना परिचयाची झाली. त्या जीपमध्ये पुढच्या आसाला एक डिफरेन्शियल असे, मागच्या आसाला एक. पण पुढचा आणि मागचा आस यांच्यामध्ये काही नसे. चालकाने दांडा टाकला की दोन्ही आस पक्के बांधले जात.

शाळेतली तीन पायांची शर्यत आठवा. दोघांचे पाय बांधलेले असतात. दोघांच्या ढांगा सारख्या असतील तर जोडी धावते. एकाची ढांग लांब असेल तर तो दुसऱ्याला ओढतो, दुसरा त्याला मागे खेचतो आणि बांधलेल्या दोरीवर ताण येतो. गाडीत ही दोरी म्हणजे पुढे-मागे जोर पोचवणारे दांडे आणि दंतचक्रे.

वळणावर तर हा ताण येणारच. मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल आणि दोन आसांतले अंतर २.४ मीटर असेल, तर पायथागोरसच्या नियमाने पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या ६.४६ मीटर येते. एका पूर्ण वेढ्यात पुढची चाके मागच्यांपेक्षा सुमारे २.९ मीटर जास्त चालतात. चिखलात चाके जराशी घसरतात आणि हा हिशेब आपोआप मिटतो. कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत, म्हणून दांड्यांना पीळ पडत जातो. याच कारणाने चालकाला सांगितलेले असे : चिखलात दांडा टाक, डांबरावर येताच काढ.

जुन्नरकडच्या द्राक्षबागांत चालणारा लहान ट्रॅक्टर पाहा. चारही चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके लहान आणि मागची मोठी असतात. मग भांडण का होत नाही? कारण आतली दंतचक्रे त्या दोन मापांना जुळतील अशीच कापलेली असतात. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित पुढे ओढतील, इतपत फरक मुद्दाम ठेवलेला असतो. मालकाने फक्त मागचे टायर मोठे बसवले, तर मागची चाके पुढे ढकलतात आणि पुढची अडवतात. शेतातला ट्रॅक्टर आपल्याच अंगाशी कुस्ती खेळू लागतो.

स्टेपनीचा घोटाळा

नव्या मोटारींत दांडा टाकावा लागत नाही. काहींत दोन आसांमध्ये तिसरे डिफरेन्शियल असते. काहींत विजेवर चालणारा क्लच असतो. हा दुसरा प्रकार कसा चालतो ते पाहू. एरवी गाडी पुढच्या दोन चाकांवर धावते. प्रत्येक चाकापाशी फेरे मोजणारा संवेदक असतो. पुढची चाके जास्त फिरू लागली, की यंत्र समजते, ‘चाके घसरत आहेत’, आणि क्लच आवळून मागच्या चाकांना जोर देते.

आता समजा, मालकाने चारही चाके ७२४ मिलिमीटर व्यासाची केली, पण स्टेपनी जुनीच, ६८६ मिलिमीटरची राहिली. घाटात पुढचे एक चाक पंक्चर झाले आणि स्टेपनी लावली. ते एक चाक किलोमीटरला सुमारे २५ फेरे जास्त घेणार. पुढच्या आसाचे डिफरेन्शियल, जे एरवी फक्त वळणावर काम करते, ते सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहणार. पुढच्या आसाची सरासरी मागच्यापेक्षा किलोमीटरला सुमारे १२ फेऱ्यांनी जास्त येणार. यंत्राला वाटेल, पुढची चाके घसरत आहेत! ते क्लच आवळील, क्लच घासत राहील आणि तापेल.

नुसत्या झिजेनेही असेच होते. नव्या टायराची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. ती २ मिलिमीटरवर आली की व्यास १२ मिलिमीटरनी घटतो आणि किलोमीटरला ८ फेऱ्यांचा फरक पडतो. अशा गाडीला दोन नवे आणि दोन झिजलेले टायर लावणे म्हणूनच हिताचे नसते. काही कारखानदार तर चारही टायरांच्या परिघांत सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालणार नाही, असे बजावतात.

मग मोठी चाके लावूच नयेत का?

तसे नाही. रिम मोठी केली तरी पुरे चाक मोठे होऊ न देणे, ही त्यातली युक्ती आहे. २१५/६५ आर १६ च्या जागी २१५/६० आर १७ घ्या. रिम एक इंचाने वाढली, पण टायराची भिंत कमी झाली. व्यास येतो ६९० मिलिमीटर. फरक शेकडा एकाहून कमी. वेगदर्शक, ओढ आणि ब्रेक जवळजवळ जागच्या जागी राहतात. मात्र भिंत बुटकी झाल्याने खड्ड्याचा दणका सरळ रिमला बसतो, हे विसरू नये.

आणखी काही गोष्टी तपासाव्यात. चारही टायर, आणि स्टेपनीसुद्धा, एकाच मापाची असावीत. चाक पूर्वीपेक्षा बाहेर आले तर बेअरिंगवर जास्त भार येतो. आत गेले तर वळणावर टायर आतल्या भागांना घासतो. मापापुढे छापलेला भारांकही पाहावा : ९१ म्हणजे टायरामागे ६१५ किलोग्रॅम, ९८ म्हणजे ७५० किलोग्रॅम. तो मूळच्यापेक्षा कमी नसावा. आणि कायदाही आहे. नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कारखानदाराच्या मूळ नमुन्याशी न जुळणारा बदल करायला मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ प्रतिबंध करते. कारखान्याने त्या गाडीसाठी सांगितलेल्या मापांतूनच निवड करणे सर्वांत सुरक्षित.

करून पाहा

१. वर रुंद आणि खाली निमुळता असा पेला जमिनीवर आडवा ठेवून ढकला. तो सरळ न जाता गोल फिरतो. एकाच आसाला पक्की जोडलेली दोन असमान चाके कशी वागतील, ते यावरून दिसेल.

२. सायकलच्या टायरावर खडूची खूण करा. सायकल हाताने ढकलत सरळ नेऊन दहा फेऱ्यांचे अंतर टेपने मोजा. मग वर कोणाला तरी बसवून पुन्हा मोजा. भाराने टायर दबतो आणि अंतर थोडे कमी भरते. मग हवा कमी असलेल्या टायराचे काय होईल?

३. घरच्या किंवा शेजारच्या उभ्या गाडीच्या चारही टायरांवरचे आकडे वहीत उतरवा आणि स्टेपनीचेही पाहा. पाचही जुळतात का? जुळत नसतील तर दर किलोमीटरला किती फेऱ्यांचा फरक पडेल, ते काढा आणि गाडीच्या मालकाला दाखवा. घाटात जाण्यापूर्वी त्याला ते कळलेले बरे.