आखूड होणारा सरडा

एल निनोची बातमी आली की आपले डोळे पावसाकडे लागतात. पण हाच एल निनो ज्याच्या थेट पोटावर पाय देतो, तो सागरी इग्वाना बातमीत कुठेच नसतो. इक्वेडोरपासून सुमारे हजार किलोमीटरवरच्या गॅलापॅगोस या ज्वालामुखी बेटांचा हा रहिवासी. समुद्रात चरणारा जगातला एकमेव सरडा!

ओहोटी लागली की लाव्हाच्या काळ्या खडकांवरून इग्वाने खाली उतरतात आणि नखांनी खडक पकडून शेवाळ खरवडतात. खोल बुडी मारतात ते बहुतेक मोठे नरच. पाणी गार, म्हणून वर आल्यावर पुन्हा उन्हात अंग शेकायचं आणि जादा मीठ नाकातून शिंकरून टाकायचं. ते उडून डोक्यावर पांढरी पुटं चढतात.

1835 मध्ये डार्विन इथे आला, तेव्हा हे प्राणी मासे मारतात असा समज होता. त्यानं पोट फाडून पाहिलं, आत शेवाळच होतं. मग एकाला तो पुन्हापुन्हा डबक्यात फेकत राहिला. पठ्ठ्या दर वेळी पोहून त्याच्याच पायाशी परत! शत्रू पाण्यात शार्कच्या रूपानं असतो, जमिनीवर कुणीच नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं असावं, असा डार्विनचा तर्क. इथल्याच फिंच पक्ष्यांच्या कौतुकात हा प्रयोग मागेच पडला.

एल निनोत पाणी तापतं, खालून येणारं पोषक गार पाणी थांबतं, चांगलं शेवाळ संपतं आणि न पचणारं तपकिरी शेवाळ माजतं. उपासमार होते. मार्टिन विकेल्स्की आणि कोरिना थॉम यांनी 2000 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की अशा काळात इग्वानाची लांबी 20 टक्क्यांपर्यंत घटते. ही नुसती रोडावण्याची गोष्ट नाही. आकडे पाहता हाडंही आखडत असावीत. जे जास्त आखडले ते जास्त जगले, आणि सुकाळ येताच पुन्हा वाढले.

एवढा चिवट प्राणी! पण जानेवारी 2001 मध्ये ‘जेसिका’ हे तेलवाहू जहाज गॅलापॅगोसजवळ रुतलं. वारा आणि प्रवाहांनी बरंचसं तेल दूर नेलं, थोडक्यात निभावलं असंच सगळ्यांना वाटलं. सांता फे बेटाच्या किनाऱ्याला तेलाचा जेमतेम अंश लागला होता. वर्षभरात तिथले 62 टक्के इग्वाने मेले.