कॉन्फेडरेट युद्धध्वज

कॉन्फेडरेट युद्धध्वज हा अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–१८६५) दक्षिणेकडील फुटीर राज्यांच्या सैन्याने वापरलेला ध्वज होय. तांबड्या पार्श्वभूमीवर निळी तिरपी फुली व तीत १३ पांढरे तारे असे त्याचे स्वरूप आहे. तो स्वतंत्रपणे राष्ट्रध्वज कधीच नव्हता; १८६३ पासूनच्या राष्ट्रध्वजांच्या कोपऱ्यात मात्र त्याला स्थान मिळाले.

समर्थक त्याला पूर्वजांच्या शौर्याचे प्रतीक मानतात. विरोधकांच्या मते तो गुलामगिरीच्या रक्षणाचा ध्वज आहे. मिसिसिपीच्या १८६१ च्या फुटीच्या घोषणापत्रात गुलामगिरीचे उघड समर्थन आढळते. १९४८ मध्ये वांशिक विभक्ततेच्या समर्थकांनी तो पुन्हा मिरवला. चार्ल्सटन येथील चर्चमधील हत्याकांडानंतर २०१५ मध्ये साउथ कॅरोलिनाने तो विधानभवनाच्या आवारातून उतरवला.