रुग्णाची भाषा

वैद्यकीय शिक्षणासाठी पाल्याला चीनला पाठविण्याचा विचार करणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात : अभ्यासक्रम इंग्रजीत असताना चिनी भाषेचा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात आहे.

सप्टेंबर १९३८ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. नागपूरचे डॉ. चोळकर त्याचे उपप्रमुख होते, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे तरुण सदस्य. चीनमध्ये पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे ‘चीन’, हे अक्षर आले. कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. इतर चौघे यथावकाश परतले. कोटणीस तेथेच राहिले. युद्धातील जखमींची सेवा करीत त्यांनी चिनी आत्मसात केली आणि पुढे विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियाही ते चिनीतूनच शिकवू लागले. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आजही परिस्थिती मुळात तीच आहे. व्याख्यान इंग्रजीत होईल. परंतु रुग्णालयातील वृद्धा आपले पोट कोठे दुखते हे चिनीतच सांगणार. म्हणूनच तेथे पदवीपूर्वी चिनी भाषेच्या ‘एचएसके’ परीक्षेची चौथी पातळी गाठावी लागते. बीजिंगमधील भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यार्थ्यांना याची स्पष्ट जाणीव करून दिली होती.

भाषा सोपी नाही. तिला चार सूर आहेत. ‘मा’ या एकाच उच्चाराचा अर्थ सुरानुसार आई, ताग, घोडा किंवा रागावणे असा बदलतो. वर्णमाला नसल्याने हजारो चिन्हे नित्य गिरवूनच लक्षात ठेवावी लागतात.

आपल्या घरांतील मुलांना तर ही भाषा पहिल्याच जेवणापासून लागते. शाकाहारी अन्नाला तेथे ‘सू’ म्हणतात. मात्र भाजीतही मांसाचा रस्सा किंवा चरबी असू शकते. तेव्हा नीट विचारता आले पाहिजे. चिनी बौद्ध मठांच्या पाकशाळेत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, हे कळल्यावर परका देश थोडा जवळचा वाटतो.

बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचे अनेक अर्ज माझ्या नजरेखालून गेले. शुल्क, वसतिगृह, विमानभाडे या साऱ्यांची तरतूद असे. भाषेसाठी लागणाऱ्या वेळेचा हिशेब मात्र कोणी मांडीत नसे. पालकांनी तो आधी मांडावा. प्रवेशपत्राची वाट न पाहता घरीच रोज एक तास चिनीला द्यावा. परीक्षेतील गुण पदवी मिळवून देतील. रुग्णाचा विश्वास मिळवायचा तर त्याचे दुखणे त्याच्याच शब्दांत समजले पाहिजे.